भांडारखोलीतला संगणक आणि ५ नंबरची हाक

आपल्या शाळेच्या जिन्याखालील भांडारखोलीत काय काय पडून आहे, याची यादी दर वर्षी विश्वस्त मंडळापुढे जाते. मोडकी बाके, गंजलेली लेझीम, भूगोलाचे फाटके नकाशे, आणि अगदी शेवटी 'संगणक, जुने, निकामी, नग २'. गेल्या जूनमध्ये ही यादी तयार झाली तेव्हा या दोन नगांपुढे 'भंगारात द्यावे' असा शेरा पडलेला होता. शेरा नियमाला धरूनच होता. पण त्या दोनपैकी एक नग आज प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातील टेबलावर चालू स्थितीत आहे. नुसता चालू नाही, तो गातो आणि तलवारींचा खणखणाटही करतो. हे कसे घडले असे काही पालकांनी आणि दोन विश्वस्तांनी विचारले, म्हणून ही हकिगत येथे सविस्तर लिहीत आहोत. विद्यार्थ्यांनी विचारले नव्हते, तरी त्यांनी ती अवश्य वाचावी.

संगणक ४८६ जातीचा आहे. प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झचा, मेमरी ८ एमबी. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वडिलांच्या मोबाईलमध्ये याच्या कित्येक शेपट मेमरी असते, हे लक्षात घ्या. यावर विंडोज नाही. एमएस-डॉस ६.२२ आहे, जी मायक्रोसॉफ्टने १९९४ साली आणली. पडदा काळा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. माऊस हलवून काही होत नाही, आज्ञा टंकावी लागते. आजच्या पालकांपैकी ज्यांचे शालेय शिक्षण त्या काळात झाले त्यांना ही काळी पाटी आठवत असेल, आणि त्या पाटीवर शिक्षकांची पाठ वळताच सुरू होणारे 'डेव्ह', 'पॅराट्रूपर' आणि 'प्रिन्स' हे खेळही आठवत असतील. नाकारू नका. मुख्याध्यापकांच्या खोलीत अशा बातम्या त्या काळीही पोहोचत असत.

'प्रिन्स' म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो जवळजवळ एकट्याने तयार केला. १९८९ मध्ये तो ॲपल-२ या संगणकासाठी निघाला आणि १९९० मध्ये डॉसवर आला. त्यातील राजपुत्र इतका खऱ्यासारखा धावतो, कारण मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक चित्र गिरवले. चित्रकलेच्या तासाला हे सांगण्यासारखे आहे. मात्र बहुतेक शाळांत हा राजपुत्र जवळजवळ मुका होता. संगणकाच्या पोटात एक छोटा स्पीकर असे, तो फक्त 'टीं' आणि 'टूं' एवढेच म्हणे. खरा आवाज हवा असेल तर साउंड कार्ड नावाची वेगळी पट्टी विकत घेऊन आत बसवावी लागे, आणि शाळेच्या अंदाजपत्रकात तो खर्च चैनीचा समजला जाई. आपल्या यंत्रात अशी पट्टी कशी काय आली, हे जुन्या दप्तरात सापडत नाही. बहुधा एखाद्या माजी विद्यार्थ्याने देणगी म्हणून दिली असावी.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. नववीतील एक विद्यार्थी (त्याने नाव छापू नका असे बजावले आहे) वर्गात फारसा कधी दिसत नसे. दिसलाच तर शेवटच्या बाकावर, आणि बहुधा कोणाचे तरी बिघडलेले घड्याळ उघडून बसलेला. जुलैमध्ये त्याचे वडील शाळेत आले.

"सर, पोराचा दाखला द्या."

"का हो? काय झालं?"

"उद्यमबागला कारखान्यात वळखीचा माणूस हाय. लावून घेतो म्हणालाय. नववी-धावी करून तरी शेवटी तिथंच जायाचं की."

उद्यमबाग म्हणजे बेळगावची औद्योगिक वसाहत. तेथील फाउंड्र्या आणि मशीनशॉप यांवर या शहरातील हजारो घरांच्या चुली पेटतात, त्यामुळे त्या कामाला कमी लेखण्याचे काही कारण नाही. पण पंधराव्या वर्षी शाळा सुटली की ती बहुधा कायमची सुटते, हे आम्ही इतक्या वर्षांत अनेकदा पाहिले आहे. सीमाभागातील मराठी शाळांत आधीच पटसंख्येची ओढाताण आहे, तो हिशेब वेगळाच. मुलाच्या वडिलांना आम्ही एवढेच म्हटले, की सहामाही परीक्षा होईपर्यंत थांबा. ते "बघूया" म्हणाले. दाखल्याचा अर्ज मात्र टेबलावर ठेवून गेले.

त्याच आठवड्यात यादीतील दोन नग बाहेर काढले गेले, ते उचलायला हाच मुलगा शिपाई मामांबरोबर होता. उचलता उचलता त्याने मागच्या बाजूच्या फटीतून आत डोकावून पाहिले आणि विचारले, "सर, फेकायच्या आधी उघडून बघू काय?" संगणक शिक्षकांनी तयारी दाखवली. शनिवारी दुपारी बारानंतर, शिक्षक हजर असतील तेव्हाच, आणि वीजपुरवठ्याचा लोखंडी डबा अजिबात उघडायचा नाही, या तीन अटींवर परवानगी देण्यात आली. (तिसरी अट घरीही पाळावी. त्या डब्यात वीज बंद केल्यानंतरही धोका शिल्लक असतो.)

झाकण उघडल्यावर पहिली गोष्ट दिसली ती हिरवट बुरशीसारखी पूड. त्या काळच्या कित्येक मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची छोटी पिंपासारखी बॅटरी थेट झाळून बसवलेली असे. यंत्र बंद असताना तारीख आणि हार्डडिस्कची माहिती लक्षात ठेवणे हे तिचे काम. वर्षानुवर्षे पडून राहिली की ती पाझरते, आणि तो क्षार तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकतो. दुसऱ्या नगाचे नेमके हेच झाले आहे. या नगात मात्र पाझर नुकताच सुरू झालेला होता. बॅटरी कापून काढली, व्हिनेगरच्या बोळ्याने क्षार मारला, पुसून वाळवले, आणि बाहेरून तीन पेन्सिल सेलची डबी जोडली. हार्डडिस्कवर चिकटवलेल्या कागदावर सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे छापलेले असतात, ते पाहून भरले. तिसऱ्या शनिवारी काळ्या पडद्यावर अक्षरे उमटली.

आत खाचांमध्ये तीन कार्डे उभी होती. एक साउंड कार्ड, एक पूर्वीच्या प्रयोगशाळेतील जोडणीचे नेटवर्क कार्ड, आणि तिसरे जिस्ट कार्ड. या तिसऱ्याबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डॉसच्या काळात संगणकाला इंग्रजीखेरीज लिपी येत नसे. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी तंत्र विकसित केले, आणि पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते पुढे नेले. त्यातून हे कार्ड आले. ते बसवले की इंग्रजीसाठी बनवलेल्या साध्या प्रोग्राममध्येही देवनागरी किंवा कन्नड अक्षरे उमटत. कळफलकाची मांडणी सर्व लिप्यांसाठी एकच. जी कळ दाबल्यावर मराठीत 'क' येतो, तीच दाबल्यावर कन्नडमध्येही 'क' येतो. एका घरात दोन्ही वर्तमानपत्रे येणाऱ्या आमच्या भागाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आजच्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीसुद्धा त्याच काळातील इस्की या भारतीय प्रमाणावर आधारलेली आहे. थोडक्यात, भंगाराच्या यादीत काय काय जात होते, हे विश्वस्त महोदयांच्या लक्षात यावे.

तर यंत्र सुरू झाले, 'प्रिन्स' सापडला, पण आवाज नाही. अगदी बरोबर सांगायचे तर, अर्धा आवाज. साउंड कार्डाबरोबरचा तपासणीचा प्रोग्राम हार्डडिस्कवर होता. त्यात दोन चाचण्या असतात. पहिलीत संगीत वाजते, दुसरीत माणसाचा आवाज. संगीत तर सोडाच, पहिल्या दिवशी काहीच ऐकू आले नाही.

मुलाचे आजोबा निपाणीत असतात. एके काळी त्यांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. निपाणी म्हणजे तंबाखू आणि विड्या. विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसत आणि शेजारी रेडिओ चालू असे, त्यामुळे रेडिओ बिघडला की तो त्याच दिवशी दुरुस्त करून हवा असे. असे शेकडो रेडिओ या आजोबांच्या हाताखालून गेलेले. नातवाने फोन केला आणि पुढच्या शनिवारी ते पाऊणशे किलोमीटरचा एसटीचा प्रवास करून, कापडी पिशवीत मल्टीमीटर घालून शाळेत हजर. संगणक त्यांनी आयुष्यात उघडलेला नव्हता. त्यांनी तो पाच मिनिटे नुसता पाहिला. मग नातवाला म्हणाले, "बिघडलंय काय ते नंतर बघू. चालतंय काय ते आधी सांग."

त्यांनी स्पीकरची पिन कार्डातून उपसली आणि तिच्या टोकाला बोट लावले. स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा आवाज आला. "स्पीकर जित्ता हाय." रेडिओवाल्यांची ही फार जुनी युक्ती. आपल्या शरीरात आसपासच्या विजेच्या तारांतून अगदी क्षीण लहर उतरते, ती स्पीकरसोबतचा अँप्लिफायर मोठी करून ऐकवतो. म्हणजे स्पीकर, त्याची वायर आणि त्याचा अँप्लिफायर हे तिघेही एका बोटात निर्दोष ठरले. नंतर त्यांनी कार्डाच्या मागच्या कडेला असलेले आवाजाचे छोटे चाक पन्नास वेळा मागे-पुढे फिरवले, कारण इतक्या वर्षांत त्यावर गंज चढतो. कार्ड उपसून त्याच्या सोनेरी कडा नातवाकडून साध्या खोडरबराने घासून घेतल्या. बेळगावच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे तांब्याच्या कडा कशा वाचणार? दोन फुगलेले कपॅसिटर त्यांनी तिथेच बदलले. कार्ड पुन्हा बसवले आणि पहिली चाचणी लावली, तर खोलीभर संगीत घुमले. बाहेर खो-खोचा सराव चालला होता, ती मुले खिडकीशी जमली.

दुसरी चाचणी लावली. माणसाच्या आवाजाऐवजी एक तुकडा 'ट्ट' असा वाजला आणि यंत्र गोठले. काहीही दाबा, हलेना. बंद करून पुन्हा सुरू केले तरी तेच. आजोबा म्हणाले, "ह्याला जीव हाय. नरड्यात काय तरी अडकलंय." आणि शेवटच्या गाडीने निपाणीला परतले.

येथे थोडे तंत्र समजून घ्यावे लागेल. कार्डाची पुस्तिका इंग्रजीत. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, मुले मराठी माध्यमाची, आणि ज्या दुकानदाराला फोनवर अधूनमधून विचारत होतो ते कन्नड बोलणारे. तेव्हा पुस्तिकेतील तीन शब्दांना सर्वांनी मिळून आपली नावे दिली: पत्ता, हाक आणि हमाल. आजही प्रयोगशाळेत हीच नावे चालतात.

पत्ता म्हणजे गल्लीतील घराचा क्रमांक. प्रोसेसरला कार्डाशी बोलायचे असेल तर कोणत्या क्रमांकावर बोलायचे ते ठरलेले असते. साउंड कार्डाचा नेहमीचा पत्ता २२०. हा २२० आपला दशमान पद्धतीतील नव्हे, षोडशमान पद्धतीतील आहे. म्हणजे २ गुणिले २५६, अधिक २ गुणिले १६, एकूण ५४४. नववीच्या मुलांनी हा हिशेब फळ्यावर केला, आणि ज्याला बीजगणित नको वाटते त्याच्याकडून तो सर्वांत आधी बरोबर आला.

हमाल म्हणजे डीएमए. आवाजाची माहिती मेमरीतून कार्डापर्यंत वाहून न्यायची असते. ते काम प्रोसेसर स्वतः करत बसला तर बाकीची कामे थांबतील. म्हणून एक वेगळी चिप ते ओझे वाहते. मुख्याध्यापकांनी स्वतः प्रत्येक वर्गात सूचनावही फिरवायची नसते, त्यासाठी शिपाई मामा असतात, तसेच हे.

आणि हाक म्हणजे आयआरक्यू. हमालाने आणलेले एक ओझे वाजवून संपले की कार्ड प्रोसेसरला हाक मारते, "संपलं, पुढचं पाठवा." अशा हाका मारायच्या तारा या संगणकात १६ असतात. आठ-आठ तारांच्या दोन चिपा एकमेकींना जोडलेल्या, आणि त्या जोडणीत एक तार खर्ची पडते, म्हणून हाती उरतात १५. त्यांतील एक कळफलकाची, एक घड्याळाची, एक फ्लॉपीची, एक हार्डडिस्कची. साउंड कार्डाला बहुधा ५ किंवा ७ क्रमांकाची तार मिळे. आणि नियम असा, की एका तारेवर एकानेच हाक मारायची.

मुलाच्या वहीतून पुढचा भाग देतो. शोध सुरू झाल्यापासून तो एका लांब वहीत रोज काय केले ते लिहीत असे. शुद्धलेखन मराठीच्या बाईंनी सुधारले आहे, वाक्ये त्याचीच आहेत: 'संगीत वाजते म्हणजे पत्ता बरोबर. संगीताला हाक लागत नाही, हमालही लागत नाही. प्रोसेसर सरळ पत्त्यावर सूर पाठवतो. माणसाच्या आवाजाला दोन्ही लागतात. एक तुकडा वाजला म्हणजे हमाल आला होता. दुसरा तुकडा आला नाही. म्हणजे हाक पोचली नाही.'

आम्ही हे दोन वेळा वाचले. संगणक शिक्षकांनाही वाचायला दिले. या पाच-सहा वाक्यांत एकही वाक्य जास्तीचे नाही, आणि ती लिहिणाऱ्याचे मराठीचे गुण त्या आधीच्या चाचणीत पंचवीसपैकी सात होते.

मग हाक का पोचली नाही? कार्डावर जंपर असतात, म्हणजे दोन काड्यांवर बसवायची छोटी टोपी. टोपी ५ वर होती. डॉस सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेक नावाच्या फाईलमध्ये एक ओळ असते: सेट ब्लास्टर, ए२२०, आय५, डी१, टी४. ही ओळ कार्डाला काही करत नाही. ती फक्त खेळांना सांगते, की कार्डाचा पत्ता २२०, हाक ५, हमाल १. पुष्कळ जण येथे फसतात, ओळ बदलली की कार्ड बदलले असे समजतात. आपल्याकडे टोपी आणि ओळ दोन्ही एकमेकांशी जुळत होत्या. तरीही आवाज नाही.

संगणक शिक्षकांनी सुचवले की टोपी ७ वर नेऊन पाहावी. तशी नेली, ओळीतही ७ केले, आणि दुसरी चाचणी लावली. स्पष्ट, खणखणीत माणसाचा आवाज! मुलगा पळत आमच्या खोलीत आला. "सर, आवाज यायलाय!" सर्वांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षक म्हणाले, झाले काम, झाकण लावा.

झाकण लावले गेले नाही. मुलगा तिथेच उभा. म्हणे, "पण ५ वर कोण बसलंय?"

खरे सांगायचे तर येथेच ही गोष्ट आमच्या दृष्टीने लिहिण्याजोगी झाली. काम झाले होते. कोणीही घरी गेला असता. डॉसबरोबर येणाऱ्या एमएसडी नावाच्या प्रोग्राममध्ये कोणत्या तारेवर कोण आहे याची यादी दिसते, ती पाहिली तर ५ वर कोणाचाच वावर दिसेना. त्याने टोपी पुन्हा ५ वर नेली, म्हणजे बिघाड मुद्दाम परत आणला. आणि एकेक कार्ड उपसायला सुरुवात केली. जिस्ट कार्ड काढले, चाचणी लावली, यंत्र गोठले. जिस्ट परत बसवले. नेटवर्क कार्ड काढले, चाचणी लावली, आवाज आला. नेटवर्क कार्ड परत बसवले, यंत्र गोठले. पुन्हा काढले, आवाज आला. चार वेळा त्याने हे केले आणि चारही वेळा वहीत लिहिले.

त्या नेटवर्क कार्डाची वायर कधीच निघून गेली होती. त्याला चालवणारा ड्रायव्हरही हार्डडिस्कवर नव्हता, म्हणून तर ते एमएसडीच्या यादीत दिसत नव्हते. पण त्याच्यावरील बारक्या चिपमध्ये कोणीतरी केव्हातरी '५' हा आकडा भरून ठेवला होता, आणि वीज मिळाली की ते इमानेइतबारे ५ नंबरची तार हातात घट्ट धरून बसत होते. त्या पिढीतील बऱ्याच कार्डांची रचनाच अशी होती, की ती काही काम करत नसली तरी आपली तार सोडत नसत. एकाने तार ओढून धरली तर दुसऱ्याने कितीही हिसका दिला तरी घंटा वाजत नाही. याला कार्डाचा दोष म्हणता येणार नाही. त्याला कोणी सुट्टी झाल्याचे सांगितलेच नव्हते.

ही भानगड जगभरातल्या घराघरांत होती. कॅनडातील क्वेबेक येथे ॲडलिब या कंपनीने १९८७ साली यामाहाची चिप वापरून संगीताचे कार्ड आणले. एका वेळी नऊ स्वर, पण माणसाचा आवाज नाही. ही दुसरी बाजू ज्यांनी जोडली ते सिंगापूरचे. सिम वाँग हू हे पॉलिटेक्निक शिकलेले गृहस्थ. त्यांनी १९८१ मध्ये सिंगापूरच्या चायनाटाउनमधील एका इमारतीत मित्राबरोबर संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान काढले, आणि त्याला नाव दिले क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी. १९८९ मध्ये त्यांनी 'साउंड ब्लास्टर' बाजारात आणले. ॲडलिबचे संगीत त्यात होतेच, वर मुद्रित आवाजही. खेळ लिहिणाऱ्यांनी ते इतके स्वीकारले, की पुढे इतर सर्व कंपन्यांना 'साउंड ब्लास्टरशी जुळणारे' असे छापूनच आपली कार्डे विकावी लागली. १९९२ मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेली, तेथे पोहोचलेली ती सिंगापूरची पहिली. सिम वाँग हू २०२३ च्या जानेवारीत ६७ व्या वर्षी वारले. दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात झाल्याची ही हकिगत आम्ही परिपाठात सांगितली, तेव्हा एक जण मान खाली घालून नखे पाहत होता.

सहामाही परीक्षा झाली. मुलाच्या वडिलांना बोलावणे पाठवले नाही, ते स्वतःच आले. विज्ञान प्रदर्शनाचा दिवस होता. प्रयोगशाळेत कोपऱ्यातील टेबलाभोवती पोरांची झुंबड, राजपुत्राच्या तलवारीचा खणखणाट, आणि मधोमध त्यांचा मुलगा. दहावीतील एकाने त्याला छेडले, "हे सगळं मोबाईलवर फुकट होतं की रे. डॉसबॉक्स टाकायचं." डॉसबॉक्स म्हणजे जुना संगणक सोंगासारखा उभा करणारा प्रोग्राम, २००२ पासून उपलब्ध आहे, आणि तो उत्तम चालतो हे खरेच. मुलगा चिडला नाही. शेजारच्या नव्या संगणकावर त्याने डॉसबॉक्सची सेटिंगची फाईल उघडली आणि बोट ठेवले: पत्ता २२०, हाक ७, हमाल १. "कार्डच नाही, तरी पत्ता हाय बघ. हे आकडे कुठनं आले सांग?" दहावीवाल्याला सांगता आले नाही. वडील मागे हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी विचारले, "हे तू दुरुस्त केलंस?" मुलगा म्हणाला, "आज्जानं स्पीकर केला. मी ५ नंबर शोधला."

वडिलांनी जाताना अर्ज परत मागितला. "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू," एवढेच म्हणाले. मुलगा नववी पास झाला, गुण बेताचेच. आता तो दहावीत आहे. कन्नड अजून कच्चे आहे आणि त्यासाठी बाई सकाळी साडेसातला बोलावतात, तेव्हा तो दर वेळी येतोच असे नाही. शनिवारी बारा वाजता मात्र दारात उभा असतो.

आता विश्वस्त मंडळाला एक विनंती व पालकांना एक. यादीतील दुसरा नग यंदाही भंगारात देऊ नये. त्याच्या मदरबोर्डावरील सात रेघा बॅटरीच्या पाझराने तुटल्या आहेत. त्यांतील चार मुलांनी केसाएवढ्या तारेने जोडल्या असून तीन बाकी आहेत. एकूण खर्च आतापर्यंत शे-दोनशे रुपयांच्या आत आहे. आणि पालकांपैकी कोणाच्या माळ्यावर जुने आयएसए कार्ड, साडेतीन इंची फ्लॉपी किंवा चालू स्थितीतील फ्लॉपी ड्राइव्ह असल्यास शाळेच्या कार्यालयात आणून द्यावे, पावती मिळेल. ते नेटवर्क कार्ड आमच्या टेबलाच्या खणात ठेवले आहे. त्याचा आकडा ५ वरून १० वर नेण्यासाठी जी फ्लॉपी लागते ती हरवलेली आहे, आणि ती सापडेपर्यंत मुले ते परत बसवू द्यायला तयार नाहीत.